रक्तातला ‘ध’चा ‘मा’

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची हकिकत तुम्ही इतिहासात वाचली असेल. १७७३ सालची ही घटना. मूळ हुकूम नारायणरावांना ‘धरावे’ असा होता, पण कोणीतरी कागदावरच्या ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी, हे इतिहासकारांनी ठरवावे. परंतु एका अक्षराचा फरक माणसाच्या जिवावर कसा बेतू शकतो याचे एक उदाहरण आपल्या शरीरातही सापडते, आणि त्याच्या खरेपणाविषयी मात्र मुळीच शंका नाही. हे उदाहरण म्हणजे सिकलसेल रक्तक्षय.

महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, नंदुरबार अशा जिल्ह्यांत राहणाऱ्या वाचकांना हे नाव नवीन नाही. या रोगाची मुले पुनःपुन्हा आजारी पडतात, फिकट दिसतात, आणि अधूनमधून त्यांच्या हातापायांत, पाठीत, पोटात असह्य कळा येतात. हा रोग जंतूंमुळे होत नाही, स्पर्शाने पसरत नाही. तो आईवडिलांकडून वारशाने येतो.

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला अमेरिकेने या रोगावरील एका नव्या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. या उपचाराची एक गंमत आहे. त्यात चुकलेले अक्षर दुरुस्त केलेच जात नाही! ‘मा’ जागच्या जागी तसाच राहतो, आणि तरीही रोगाच्या कळा थांबतात. हे कसे घडते, ते या लेखात पाहू.

चूक नेमकी कोठे आहे?

आपल्या रक्ताला तांबडा रंग देणारे द्रव्य म्हणजे हीमोग्लोबिन. हे एक प्रथिन आहे. फुप्फुसात प्राणवायू घ्यायचा आणि शरीरभर तो पोचवायचा, हे त्याचे काम. प्रत्येक तांबड्या पेशीत हीमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो : दोन अल्फा आणि दोन बीटा. साखळीचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. बीटा साखळीत असे १४६ मणी असतात.

कोणता मणी कोठे ओवायचा याची सूचना पेशीच्या केंद्रकातील डी.एन.ए.मध्ये लिहिलेली असते. ही लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे : ए, टी, जी आणि सी. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक मणी. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्यात सहाव्या मण्यासाठी ‘जीएजी’ हा शब्द असतो आणि त्यानुसार ग्लुटामिक आम्ल हा मणी ओवला जातो. सिकलसेलच्या रुग्णात या शब्दातील मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ असतो. शब्द होतो ‘जीटीजी’, आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन ओवले जाते. १४६ मण्यांपैकी फक्त एक मणी बदलतो.

हा बदल उघडकीस कसा आला, ही कथा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्याचे प्रसिद्ध केले. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून रोगाला नाव मिळाले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे व रुग्णाचे हीमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात ठेवले. दोन्ही हीमोग्लोबिने वेगवेगळ्या वेगाने सरकली. याचा अर्थ उघड होता : दोन्ही रेणूंवरील विद्युत्भार सारखा नाही. रेणूतील बिघाडामुळे रोग होतो, हे प्रथमच अशा रीतीने सिद्ध झाले. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो बदललेला मणी शोधून काढला. ग्लुटामिक आम्लावर एक ऋण भार असतो, व्हॅलिनवर तो नसतो. पॉलिंग यांना दिसलेला फरक हाच.

शर्यत काही सेकंदांची

भार गेल्याने काय बिघडते? व्हॅलिन हा मणी तेलासारखा पाण्यापासून दूर राहू पाहतो. हीमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याच्या रेणूचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर या व्हॅलिनला बसण्याजोगी एक खाच उघडी पडते. मग एका रेणूला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडले जाऊन लांब, ताठ तंतू तयार होतात. हे तंतू पेशीला आतून ताणतात आणि गोल, मऊ पेशीचा कडक विळा बनतो.

तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रॉन असतो, आणि काही केशवाहिन्या तर त्याहूनही अरुंद असतात. निरोगी पेशी लवचीक असल्यामुळे घडी होऊन त्यातून निसटते. विळा मात्र अडकतो. एक अडकला की मागचे तुंबतात, पुढच्या भागाचा प्राणवायू बंद होतो, आणि कळा सुरू होतात. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्तक्षय.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. केशवाहिनीत शिरताच प्रत्येक पेशी प्राणवायू सोडते. मग रुग्णाच्या सगळ्याच पेशी दर फेरीत विळ्यासारख्या होऊन क्षणात रक्तप्रवाह का थांबत नाही? याचे उत्तर १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस व ईटन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिले. तंतू लगेच बनत नाहीत. प्राणवायू सुटल्यानंतर काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकाएकी तंतू भराभर वाढतात. या मधल्या काळाला आपण विलंबकाल म्हणू. केशवाहिनी पार करण्यास पेशीला साधारण एक सेकंद लागतो, आणि आणखी काही सेकंदांत ती फुप्फुसाकडे परत पोचते. तेथे प्राणवायू मिळाला की धोका टळला. म्हणजे ही एक शर्यत आहे. विलंबकाल संपण्याआधी पेशी अरुंद जागेतून सुटली तर ठीक. नाही सुटली तर विळा.

या विलंबकालाचा एक विलक्षण गुणधर्म या शास्त्रज्ञांना आढळला. विद्रावातील सिकल हीमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताशी तो व्यस्त प्रमाणात असतो. व्यस्त वर्गाचा नियम तुम्हाला माहीत आहे. तेथे घात फक्त दोन असतो. येथे तीस! गणकयंत्र घेऊन हिशेब करून पाहा. संहती फक्त एक दशांशाने कमी केली, म्हणजे १ ऐवजी ०.९ केली, तर विलंबकाल किती पट होईल? ०.९ चा तिसावा घात काढा आणि त्याने १ ला भागा. उत्तर सुमारे २३.६ येईल. संहती जराशी उतरली तर पेशीला जवळजवळ चोवीस पट वेळ मिळतो.

या एका हिशेबातून पुष्कळ गोष्टी उलगडतात. सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे असे डॉक्टर का सांगतात? शरीरातील पाणी कमी झाले की पेशीतीलही कमी होते, संहती वाढते आणि विलंबकाल झपाट्याने घटतो. उन्हात राबणे, ताप, जुलाब या गोष्टी या मुलांना इतक्या का भोवतात, हेही आता तुमच्या लक्षात येईल.

आणि उपचाराची दिशाही येथेच सापडते. सगळे सिकल हीमोग्लोबिन काढून टाकण्याची गरज नाही. तंतूत सामील न होणारे दुसरे हीमोग्लोबिन पेशीत पुरेसे मिसळले, तरी शर्यत जिंकता येईल. पण असे हीमोग्लोबिन आणायचे कोठून?

तान्ह्या बाळांनी दिलेला धागा

ते आपल्या प्रत्येकाजवळ एके काळी होते. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात निराळे हीमोग्लोबिन असते. त्यात बीटा साखळ्यांऐवजी गामा नावाच्या साखळ्या असतात. याला गर्भ-हीमोग्लोबिन म्हणतात. जन्मानंतर काही महिन्यांत गामा साखळ्यांची निर्मिती जवळजवळ बंद होते आणि बीटा साखळ्या त्यांची जागा घेतात. गामाची जनुके मात्र कोठे जात नाहीत. ती आयुष्यभर आपल्या पेशींत असतात, फक्त कुलपात.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅनेट वॉटसन यांनी एक गोष्ट टिपली. सिकलसेलचा वारसा घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भ-हीमोग्लोबिन भरपूर असते. पुढे असेही दिसले, की काही माणसांत गामाला कुलूप लागतच नाही. अशा माणसाला सिकलसेलचा वारसा मिळाला तरी त्याला जवळजवळ काही होत नाही. पूर्व सौदी अरेबियात आणि भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारात गर्भ-हीमोग्लोबिन बरेच टिकून राहते, आणि अशा अनेक रुग्णांचा रोग तुलनेने सौम्य असतो. सर्वांचाच नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भ-हीमोग्लोबिन काही प्रमाणात वाढते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हे औषध घेणाऱ्या प्रौढ रुग्णांत कळा येण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. हे औषध रोज घ्यावे लागते आणि ते सर्वांना सारखे लागू पडत नाही. परंतु दिशा योग्य आहे, हे त्याने दाखवले.

कुलूप आणि कात्री

कुलूप कोणते, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले, की बीसीएल११ए नावाचे प्रथिन गामा जनुकाला गप्प बसवते. मग या प्रथिनाचे जनुक मोडून टाकावे काय? तसे करून चालणार नाही. या प्रथिनाची गरज इतर पेशींनाही असते. सुदैवाने २०१३ मध्ये त्या जनुकातच डी.एन.ए.चा एक छोटा भाग सापडला. हा भाग एखाद्या बटणासारखा आहे, आणि तांबड्या पेशी बनत असतानाच तो कामास येतो. घराचा मेन स्विच न काढता एकाच खोलीचे बटण निकामी करावे, तसे हे बटण मोडता येते.

त्यासाठी लागणारी कात्री जीवाणूंकडून मिळाली. विषाणूंचा हल्ला झाला की त्यांचे डी.एन.ए. ओळखून कापण्याची सोय अनेक जीवाणूंत असते. तिला क्रिस्पर म्हणतात. २०१२ मध्ये एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवले, की या कात्रीला आपण हवा तो पत्ता देऊ शकतो. त्याबद्दल दोघींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा पत्ता वीस अक्षरांचा असतो. चार अक्षरांच्या लिपीत वीस अक्षरांचे वेगवेगळे पत्ते किती होतील? चारचा विसावा घात, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी. आणि मानवी डी.एन.ए.ची लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरे. म्हणून नीट निवडलेला पत्ता सहसा एकाच ठिकाणी जुळतो. ‘सहसा’ हा शब्द येथे महत्त्वाचा. एकदोन अक्षरांचा फरक असलेली दुसरी जागाही कधी कापली जाऊ शकते, म्हणून अशा उपचारांची तपासणी अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.

कात्रीने काप दिला की पेशी तो स्वतःच सांधते. सांधताना एखाददुसरे अक्षर गळते किंवा वाढते, आणि बटण निकामी होते. कुलूप निघाले, गामा पुन्हा बोलू लागला!

पेशींच्या आईकडे

पण ही कात्री चालवायची कोणत्या पेशीवर? तांबड्या पेशीवर नक्कीच नाही. तिला केंद्रकच नसते, म्हणजे डी.एन.ए.ही नाही, आणि ती चार महिन्यांची पाहुणी. आपल्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांच्या वर नव्या तांबड्या पेशी तयार होतात. त्या सर्वांचा उगम हाडांच्या मगजातील मूलपेशींत असतो. मूलपेशीचे विभाजन झाले की काही पेशी रक्तपेशी होण्याच्या वाटेला लागतात आणि काही मूलपेशीच राहतात. म्हणून मूलपेशीत केलेला एक बदल तिच्यापासून जन्मणाऱ्या सर्व पेशींत कायम उतरतो. १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलक यांनी उंदरांवरील प्रयोगांनी अशा पेशींचा पुरावा दिला होता.

उपचाराच्या पायऱ्या आता समजायला सोप्या आहेत. प्रथम औषध देऊन मूलपेशी मगजातून रक्तात उतरवतात आणि यंत्राच्या साहाय्याने गोळा करतात. प्रयोगशाळेत या पेशींना विजेचा अतिशय अल्पकाळ टिकणारा झटका देतात. त्यामुळे पेशीपटलाला क्षणभर सूक्ष्म छिद्रे पडतात आणि कात्री आत शिरते. त्यानंतर रुग्णाला तीव्र औषध देऊन त्याच्या मगजातील जुन्या मूलपेशी नष्ट करतात, कारण नव्यांना जागा हवी. शेवटी बदललेल्या पेशी शिरेतून परत देतात. त्या आपली वाट शोधत मगजात जाऊन रुजतात.

२०१९ मध्ये अमेरिकेतील एका सिकलसेलग्रस्त स्त्रीवर हा उपचार प्रथम झाला. मान्यता देताना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जे निष्कर्ष पाहिले ते असे : पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने एकही तीव्र कळ आली नाही. रुग्णांच्या रक्तातील हीमोग्लोबिनपैकी सरासरी सुमारे ४० टक्के गर्भ-हीमोग्लोबिन होते. उरलेले बहुतांश सिकलच! तिसाव्या घाताचा हिशेब आठवा, म्हणजे हे आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी एक वाटही आहे. त्यात निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून बीटा साखळीचे एक चांगले जनुक मूलपेशीत पोचवतात. २०१४ मध्ये पॅरिस येथे एका तेरा वर्षांच्या मुलावर असा उपचार झाला. या पद्धतीच्या एका उपचारालाही ८ डिसेंबर २०२३ रोजीच अमेरिकेत मान्यता मिळाली, पण रक्ताच्या कर्करोगाच्या संभवाची ठळक सूचना देऊनच.

उपचाराची दुसरी बाजू

हा रोग आता हटला, असे म्हणून मोकळे होता येईल काय? नाही. जुना मगज नष्ट करणारे औषध कडक असते. त्या काळात केस गळतात, तोंडाला व्रण पडतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो, आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. रुग्णाला कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. अमेरिकेत या क्रिस्पर उपचाराची किंमत २२ लाख डॉलर जाहीर झाली. त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये. ज्या गावांत हा रोग जास्त आहे, तेथील कुटुंबाने हा आकडा कोठून आणावा?

आपल्या देशातही प्रयत्न चालू आहेत. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेने क्रिस्परवर आधारलेला स्वदेशी उपचार विकसित केला असून नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाला. भगवान बिरसा मुंडांच्या नावावरून हे नाव दिले आहे. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात येत आहे. किंमत आवाक्यात आणणे हा त्यामागचा एक मुख्य हेतू आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हा उपचार रक्ताच्या मूलपेशींवर होतो, बीजपेशींवर नव्हे. उपचाराने कळा थांबलेल्या माणसाच्या मुलांकडे सिकलसेलचे जनुक पूर्वीप्रमाणेच जाते. म्हणून वारशाचे गणित प्रत्येकाला यायला हवे. एकाच पालकाकडून सिकलचे जनुक आले तर मूल ‘वाहक’ होते. वाहक हा सर्वसाधारणपणे निरोगी माणूस असतो. त्याला मलेरियाच्या एका घातक प्रकारापासून थोडे संरक्षणही मिळते, आणि मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिले ते याचमुळे. दोन्ही पालकांकडून हे जनुक आले तर मूल ‘ग्रस्त’ होते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्य ग्रस्त असण्याची शक्यता चारात एक.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीसाठी बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेऊन विशिष्ट विद्रावात टाकतात. विद्राव गढूळ झाला तर सिकल हीमोग्लोबिन आहे. पण वाहक की ग्रस्त, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी पुढील चाचणी करतात, आणि त्यांतील एक चाचणी म्हणजे विद्युत्क्षेत्रात हीमोग्लोबिन सरकवून पाहणे. ग्रस्ताच्या नमुन्यात सिकलचा पट्टा दिसतो, नेहमीचा दिसत नाही. वाहकाच्या नमुन्यात दोन्ही दिसतात. पॉलिंग यांनी वापरलेले तत्त्वच आजही कामी येते.

तुमच्या वर्गात एखादा सिकलसेलग्रस्त मित्र किंवा मैत्रीण असेल, तर आता पाण्याची बाटली त्यांच्याजवळ का हवी, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिक्षकांनीही अशा मुलाला तासाला पाणी पिण्यास मोकळीक द्यावी, भर उन्हात कवायतीला उभे करू नये, आणि त्याला कळ आली तर ते बहाणा करते आहे असे न समजता लवकर दवाखान्यात पोचवावे. नवा उपचार सर्वांपर्यंत पोचायला वेळ लागेल. पाणी, गोळी आणि तपासणी आजच हाताशी आहेत. शर्यत सेकंदांची आहे, आणि तोवर पेशीला ते सेकंद मिळवून देणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.